बंडाला इंग्रजी शब्द निवडताना क्रम का चुकवू नये

तिकीट नाकारलेला नगरसेवक बंड करतो, बराकीतला शिपाई बंड करतो, वेठबिगारीला विटलेला शेतमजूर बंड करतो आणि दहावीतला मुलगाही घरात बंड करतो. मराठीत हे सगळं एका शब्दात बसतं, इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची भाषांतरं मी तपासते, आणि तिथे एकच गफलत पुन्हापुन्हा दिसते. मोबाइलवर 'बंड' टाइप करायचं आणि यादीत पहिला येईल तो शब्द उचलायचा. परिच्छेदात 'बंड' पुन्हा आलं की यादीतला दुसरा उचलायचा, तिसऱ्यांदा आलं की तिसरा. त्यामुळे एकच घटना पहिल्या ओळीत 'रिव्होल्ट', तिसऱ्या ओळीत 'म्यूटिनी' आणि शेवटी 'रिव्होल्यूशन' होते. तपासणाऱ्याला वाटतं, तीन वेगळ्या घटना घडल्या.

यात शब्दसंग्रह कमी पडत नाही, क्रम उलटा होतो. शब्दकोश शेवटी उघडायचा असतो, मुलं तो सर्वांत आधी उघडतात.

सुरुवातीची तयारी

पूर्ण उतारा एकदा वाचून काढा. पहिलं वाक्य वाचलं की पहिलं वाक्य लिहिलं, असं करू नका. बंड कोणी केलं हे पहिल्या वाक्यात असतं, पण ते किती दिवस चाललं आणि कुठवर पसरलं हे बहुधा शेवटच्या वाक्यात कळतं.

मग समासात पेन्सिलने चार शब्द लिहा: कोण, कोणाविरुद्ध, कशासाठी, किती काळ. प्रत्येकापुढे उताऱ्यात सापडेल तेवढंच भरा. सापडलं नाही तर जागा रिकामी ठेवा, आपल्या मनाने भरू नका.

शब्दकोश असा घ्या ज्यात अर्थाबरोबर वाक्यही दिलेलं असतं. नुसत्या समानार्थी शब्दांची यादी या कामाला घातक आहे. तिच्यात 'म्यूटिनी' आणि 'रायट' शेजारी बसतात, आणि ते शेजारी का बसलेत हे यादी सांगत नाही.

१. हे बंड आहे का, ते आधी ठरवा

बरेचसे 'बंड' इथेच गळतात, म्हणून ही चाळणी पहिली.

जमाव चिडला, जाळपोळ झाली, दोन दिवसांत शांत झाला, तर तो 'रायट'. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली आणि हे लोण आजूबाजूच्या गावांत गेलं. इंग्रजी इतिहासात या घटनेचं नाव 'डेक्कन रायट्स' असं रूढ आहे. आज काही अभ्यासक त्याला शेतकऱ्यांचा उठाव म्हणणं पसंत करतात, पण परीक्षेत रूढ नाव बदलायला जाऊ नका.

मागण्या आहेत, मोर्चा आहे, नेते आहेत, पण सत्ता उलथवायची नाही, तर ते 'अ‍ॅजिटेशन' किंवा 'प्रोटेस्ट'. नवी मुंबईच्या मुलांना याचं उदाहरण घरातच मिळतं. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी जे आंदोलन केलं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. रक्त सांडलं म्हणून ते 'रिबेलियन' होत नाही. गोळी कोणी झाडली यावरून आंदोलनाचं नाव ठरत नाही, आंदोलकांना काय हवं होतं यावरून ठरतं. त्यांना योग्य मोबदला हवा होता.

वरच्या चार-सहा लोकांनी, बहुतेक वेळा सेनाधिकाऱ्यांनी, सत्ता बळकावली तर तो 'कू'. उठाव खालून वर येतो, हा वरच्या वर होतो. शेवटचं 'पी' हे अक्षर उच्चारायचं नाही. 'कूप' म्हणालात तर ऐकणाऱ्याला मोटारीचा एक प्रकार किंवा कोंबड्यांचं खुराडं आठवेल.

'सेडिशन' हे बंडच नाही. सत्तेविरुद्ध चिथावणी देणारं बोलणं किंवा लिहिणं म्हणजे सेडिशन. टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली जे खटले झाले ते १२४-अ या कलमाखाली, 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल. त्यांनी हत्यार उचलल्याचा आरोप नव्हता.

आणि 'फितुरी'. हा शब्द बखरीतून आला की मुलं हमखास 'म्यूटिनी' लिहितात. फितूर होणारा माणूस उघड उभा राहत नाही, आतून शत्रूला मिळतो. त्याला 'ट्रेचरी' किंवा 'बिट्रेयल' म्हणा. ठाणे न्यायालयाच्या बातमीत 'साक्षीदार फितूर' असं आलं तर तिथे तिसराच शब्द लागतो: साक्षीदार 'होस्टाइल' झाला.

> तपासणी: समासात 'कोणाविरुद्ध' पुढे काहीच लिहिता आलं नाही, तर ते बहुधा बंड नाही. पुढे जाऊ नका, उतारा पुन्हा वाचा.

२. नातं पाहा: हुकूम कोण देत होतं?

सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

'म्यूटिनी' हा शब्द वापरायला एक अट आहे. बंड करणारा माणूस ज्याच्याविरुद्ध उठला, त्याच्या हुकमाखाली तो बांधलेला असला पाहिजे. सैनिक आणि त्याचा अधिकारी, खलाशी आणि कप्तान. शिस्तीची ही साखळी नसेल तर म्यूटिनी नाही. मग माणसं कितीही असोत, हत्यारं कितीही असोत.

उलट बाजूने पाहिलं तर म्यूटिनीला हत्यार लागतच असं नाही. संख्याही मोठी लागत नाही. २८ एप्रिल १७८९ रोजी 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर फ्लेचर ख्रिश्चनने विल्यम ब्लाय या आपल्या कप्तानाला काही निष्ठावान लोकांसह होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं. एका जहाजापुरती गोष्ट, पण शब्द तोच.

भारतीय कायद्यातही ही अट दिसते. सैनिकाने स्वतः केलेल्या म्यूटिनीची शिक्षा 'आर्मी अ‍ॅक्ट १९५०'च्या कलम ३७मध्ये आहे, आणि ती मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते. सैनिकाला त्यासाठी चिथावणी देणारा बाहेरचा माणूस मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १५९खाली येतो. साखळीच्या आतला आणि बाहेरचा, असे दोन वेगळे कायदे.

आता ही अट लावून पाहा. न्हावा-शेवा बंदरात कंटेनर ओढणाऱ्या चालकांनी काम बंद केलं, तर तो 'स्ट्राइक'. त्याच बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावर खलाशांनी कप्तानाला केबिनमध्ये कोंडून जहाजाचा ताबा घेतला, तर ती म्यूटिनी. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत सभासदांनी अविश्वास ठराव आणून कमिटी पाडली, तर बातमीदार फार तर 'रिव्होल्ट' लिहील. सभासद काही कमिटीच्या हुकमाचे ताबेदार नसतात, कमिटीला कितीही तसं वाटो.

पोलिसांबाबत मुलं अडखळतात. पोलीस हे गणवेशातलं, शिस्तीने बांधलेलं दल आहे, त्यामुळे म्यूटिनी हा शब्द तिथे चालतो. मे १९७३मध्ये उत्तर प्रदेशात प्रांतीय सशस्त्र पोलीस दलात झालेल्या बंडाला तोच शब्द लावला जातो. मात्र प्रत्येक पोलीस असंतोषाला तो चिकटवू नका. वेतनासाठी काळ्या फिती लावणं म्हणजे म्यूटिनी नव्हे.

आणि १८५७. मेरठच्या छावणीत १० मे रोजी शिपायांनी जे केलं, त्याला म्यूटिनी म्हणणं शब्दार्थाने अचूक आहे. पण जगदीशपूरचे जमीनदार कुंवरसिंह कंपनीच्या फौजेत नव्हते. राणी लक्ष्मीबाई नव्हत्या. अवधचे शेतकरी नव्हते. म्हणून सगळ्या १८५७ला म्यूटिनी म्हटलं की ही माणसं चित्रातून बाहेर पडतात. एकाच उत्तरात मेरठच्या बराकीसाठी 'म्यूटिनी' आणि पुढच्या पसरलेल्या लढ्यासाठी 'रिबेलियन' किंवा 'अपरायझिंग' लिहिणं चुकीचं नाही. फक्त कुठे शब्द बदलला आणि का, हे वाक्यातून दिसलं पाहिजे.

> सावधान: शब्द जड वाटतो म्हणून म्यूटिनी निवडू नका. हुकूम देणारा वरिष्ठ दाखवता आला नाही, तर तो खोडा.

३. पसारा आणि मुदत

नात्याचा प्रश्न सुटला की उरलेले शब्द सोपे होतात. त्यांच्यात काटेकोर भिंती नाहीत हे आधीच सांगते. इंग्रजी लिहिणारेही 'रिव्होल्ट' आणि 'रिबेलियन' अदलाबदलीने वापरतात. तरी कल वेगळे आहेत.

'रिव्होल्ट' बहुधा एका विशिष्ट जाचाविरुद्ध असतो: कर, बिगार, सावकार, पक्षाचा नेता. आकाराने तो मध्यम असतो आणि अचानक उसळतो.

'रिबेलियन' अधिक लांब आणि अधिक संघटित. सत्ता मानायलाच नकार. हा शब्द आपल्या राज्यघटनेतही आहे. कलम ३५२खाली आणीबाणी जाहीर करायचं एक कारण पूर्वी 'इंटर्नल डिस्टर्बन्स' होतं. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ते काढून तिथे 'आर्म्ड रिबेलियन' घातलं, कारण पहिला शब्द इतका सैल होता की त्यात काहीही बसवता येई. राज्यशास्त्राच्या उत्तरात इथे 'रिव्होल्ट' लिहिलंत तर ती शैलीची निवड ठरत नाही, चूक ठरते. घटनेतला शब्द जसाच्या तसा लिहायचा.

'इन्सरेक्शन' हा कायद्याच्या आणि औपचारिक भाषेतला शब्द: सरकारी सत्तेविरुद्ध हिंसक उठाव. ६ जानेवारी २०२१ला वॉशिंग्टनमध्ये संसदभवनावर जमाव चालून गेला तेव्हापासून तो बातम्यांत जास्त ऐकू येतो. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १४व्या दुरुस्तीत तो आहे, म्हणून तिथे त्यावर एवढा वाद. एक मजेशीर घोटाळा मात्र टाळा: 'रेझरेक्शन' म्हणजे मेलेला माणूस उठणं. दोन्हींत 'उठणं' आहे, एवढंच साम्य.

'इन्सर्जन्सी' वर्षानुवर्षं चालते. जंगलात, डोंगरात, छोट्या टोळ्यांनी, लपून. एका दिवसाच्या घटनेला हा शब्द कधीच लागत नाही.

'रिव्होल्यूशन'ला व्यवस्था बदललेली दिसावी लागते. मोडून काढलेल्या उठावाला सहसा रिव्होल्यूशन म्हणत नाहीत.

'अपरायझिंग'ची गोष्ट वेगळी आहे. ती पुढच्या टप्प्यात.

४. नाव कोणी ठेवलं?

आतापर्यंतचे प्रश्न घटनेबद्दल होते, हा बोलणाऱ्याबद्दल आहे. आणि हा शेवटी का, तर आधी विचारला की माणूस सगळं बाजूवर सोडून देतो: 'ब्रिटिशांनी म्यूटिनी म्हटलं, आपण अपरायझिंग म्हणू', संपलं. तसं नसतं.

१८ फेब्रुवारी १९४६ घ्या. मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या आस्थापनेत खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध काम थांबवलं. पाहता पाहता ते बाकीच्या जहाजांवर आणि तळांवर पसरलं, ठाण्याजवळच्या 'अकबर' या आस्थापनेतही. खलाशांनी जी समिती नेमली तिचं नाव 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लेखी तो स्ट्राइक. सरकारी कागदांत म्यूटिनी, कारण नौदलाच्या कायद्यात खलाशाला संप करता येत नाही. आणि पुढे स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून लिहिणाऱ्यांनी त्याला अपरायझिंग म्हटलं.

तिन्ही नावं घटनेशी जुळतात. नात्याची अट म्यूटिनी पुरी करते, सुरुवातीचं स्वरूप स्ट्राइक सांगतो, आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले, शहर पेटलं, त्या पसाऱ्याला अपरायझिंग शोभतो. तुम्ही कोणाच्या तोंडून बोलताय त्यावर निवड करा. अधिकाऱ्याचा अहवाल भाषांतरित करत असाल तर म्यूटिनीच ठेवा, तुम्हाला पटो न पटो. स्वतःचा निबंध लिहीत असाल तर तुमचा शब्द निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्याशी टिकून राहा.

'अपरायझिंग' सहानुभूतीकडे झुकतो हे लक्षात ठेवा. पोलंडच्या राजधानीत नाझी जर्मनीविरुद्ध झालेल्या १९४४च्या वॉर्सा उठावाला इंग्रजीत अपरायझिंगच म्हणतात. लोक दाबले गेले होते आणि उठले, हा सूर त्या शब्दात आहे. सरकारची बाजू मांडणाऱ्या उताऱ्यात तो टाकलात तर सूर बिघडतो.

राघोजी भांगरे यांच्याबद्दल लिहिताना हीच कसोटी येते. कंपनी सरकारशी लढलेल्या या महादेव कोळी नायकाला २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. आपल्यासाठी ते क्रांतिकारक, सरकारसाठी कायदा मोडून रानात गेलेला माणूस. आजच्या लेखात 'रिबेल लीडर' हा शब्द दोन्हींच्या मधला आणि सुरक्षित. 'आउटलॉ' लिहायचंच असेल तर ते सरकारचं म्हणणं आहे, हे वाक्यात सांगा.

> तपासणी: निवडलेला शब्द बंड करणाऱ्याला वाचून दाखवला तर तो मान डोलावेल का? आणि सरकारी कारकुनाला? दोघांचं उत्तर माहीत असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. वाक्यात बसवणं

योग्य शब्द निवडूनही वाक्य पडतं ते बहुतेक 'करणे'मुळे. मराठीत बंड 'करतात', म्हणून मुलं 'डिड अ रिबेलियन' लिहितात. इंग्रजीत हे शब्द स्वतःच क्रियापद होतात: 'दे रिबेल्ड', 'दे रिव्होल्टेड', 'द सेलर्स म्यूटिनीड'. नामच वापरायचं असेल तर रिव्होल्ट 'लेड' किंवा 'स्टेज्ड', आणि म्यूटिनी 'ब्रोक आउट'. मोडून काढण्यासाठी 'पुट डाउन', 'क्रश्ड', 'सप्रेस्ड'. 'ब्रेक' नको, 'ब्रोक द रिबेलियन' हे मराठी मनात ठेवून लिहिलेलं इंग्रजी आहे. 'इन्सरेक्शन'चं क्रियापद रोजच्या वापरात नाही, तिथे 'रोज अप' लिहा.

तिन्ही क्रियापदांपुढे 'अगेन्स्ट' येतं. 'टू' नाही, 'ऑन' नाही.

'रिबेल'च्या भूतकाळात 'एल' दोनदा. 'म्यूटिनी'च्या अनेकवचनात आणि भूतकाळात शेवटचा 'वाय' जाऊन 'आय-ई' येतो. रूढ घटनेच्या नावात पहिली अक्षरं मोठी, आणि नावाच्या आधी 'द'. सर्वसाधारण अर्थाने वापरताना लहान.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे मी हसू दाबत पेपर तपासते. 'बंड करणारे शेतकरी' याचं भाषांतर 'रिव्होल्टिंग फार्मर्स'. इंग्रजीत 'रिव्होल्टिंग' विशेषण म्हणून आलं की पहिला अर्थ लागतो तो किळसवाणा. 'आय वॉज रिव्होल्टेड' म्हणजे मला शिसारी आली. शेतकऱ्यांसाठी 'द फार्मर्स इन रिव्होल्ट' किंवा सरळ 'रिबेल फार्मर्स' लिहा.

घरातल्या मुलाला 'रिबेलियस'. तिकिटाच्या भांडणातून अर्ज भरणाऱ्याला 'रिबेल कँडिडेट'. जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या आमदारांबद्दल इंग्रजी वृत्तपत्रं 'रिबेल एमएलएज' असं लिहीत होती. मथळ्यात कधी पक्षातल्या बंडाला 'म्यूटिनी'ही म्हणतात. ती अलंकारिक भाषा आहे, मथळ्याला शोभते. उत्तरपत्रिकेत उतरवू नका.

मुलाखतीसाठी उच्चाराचं थोडक्यात: 'रिबेल' नाम असताना जोर पहिल्या अवयवावर आणि उच्चार 'रेबल'च्या जवळ, क्रियापद असताना जोर दुसऱ्यावर. 'म्यूटिनी'त जोर 'म्यू'वर.

६. एक उतारा पूर्ण करून पाहू

समजा मराठी मजकूर असा: "१९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या तलासरी भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केलं. जमीनदारांच्या शेतावर फुकट राबायला त्यांनी नकार दिला. हे बंड मोडून काढायचे प्रयत्न झाले, पण वारली हटले नाहीत."

समास भरा. कोण: वारली शेतमजूर. कोणाविरुद्ध: जमीनदार. कशासाठी: वेठबिगार संपवायला. किती काळ: उताऱ्यात नाही, जागा रिकामी.

पहिली चाळणी: नेमकी मागणी आहे, सामूहिक नकार आहे, त्यामुळे रायट गळला. 'अ‍ॅजिटेशन' चालेल का? चालेल, पण 'हटले नाहीत' या शब्दांतला ताण त्यात उतरत नाही. दुसरी: जमीनदार वारल्यांना राबवत होते, पण ती फौजेची साखळी नव्हे. म्यूटिनी गळली. तिसरी: रोख एका जाचावर आहे, सरकार उलथवायचं असं मजकूर म्हणत नाही. इन्सरेक्शन गळला, रिबेलियन मोठा पडतो. उरला 'रिव्होल्ट', आणि इंग्रजी लेखनातही ही घटना 'वारली रिव्होल्ट' म्हणूनच ओळखली जाते. चौथी: मजकुराचा सूर वारल्यांच्या बाजूचा आहे, त्यामुळे अपरायझिंगही चालला असता, रूढ नाव हाताशी असताना तो कशाला शोधायचा.

वाक्य: 'इन १९४५ द वारलीज रिव्होल्टेड अगेन्स्ट फोर्स्ड लेबर'. दुसऱ्यांदा बंड आलं तिथे 'द रिव्होल्ट'. तोच शब्द. बदलायचा नाही.

राहता राहिलं 'ठाणे जिल्हा'. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा जिल्हा झाला आणि तलासरी तिकडे गेली, तेव्हा जिल्ह्याच्या नावाआधी 'व्हॉट वॉज देन' हे तीन शब्द जोडा.